मोठी स्क्रीन की लहान? मोबाइल घेताना इंचांपलीकडचे गणित

चतुर्थी जवळ आली की पणजी, म्हापसा, मडगावच्या मोबाइल दुकानांत वर्दळ वाढते. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती टिकते, महिन्याचा हप्ता किती बसतो, असे प्रश्न ग्राहक आवर्जून विचारतो. स्क्रीनचा विषय मात्र बहुधा एकाच वाक्यात संपतो. ‘मोठी आहे ना?’ असे विचारले जाते, विक्रेता ‘साडेसहाच्या वर आहे’ असे सांगतो आणि बोलणे पुढे सरकते.

वास्तविक फोनमधील अनेक उणिवा नंतर भरून काढता येतात. साठवण कमी पडली तर छायाचित्रे दुसरीकडे हलवता येतात, बॅटरी थकली तर बदलून मिळते, आवाज कमी वाटला तर इअरफोन लावता येतो. स्क्रीनचा आकार मात्र तो फोन वापरात असेपर्यंत तोच राहतो. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत जी वस्तू हातात असते, तिच्याविषयीचा हा निर्णय थोडा अधिक विचार करूनच घ्यायला हवा.

हा विचार तीन गोष्टींचा आहे. पहिली आपला हात, दुसरी आपले डोळे आणि तिसरी म्हणजे घरात त्या फोनखेरीज दुसरी एखादी स्क्रीन आहे की नाही. पहिल्या दोन गोष्टींची चर्चा अधूनमधून होते. तिसरी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती समजून घेण्यासाठी या लेखात आपण गुजरातमधील पलसाणा या कापड उद्योगाच्या गावापर्यंत जाणार आहोत. तत्पूर्वी, दुकानात सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘इंच’ या शब्दाचा अर्थ पाहू.

इंच नेमके कशाचे?

फोनच्या खोक्यावर छापलेले ६.५ किंवा ६.७ इंच हे स्क्रीनच्या कर्णाचे माप असते. म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर. या आकड्यातून स्क्रीनची रुंदीही कळत नाही आणि क्षेत्रफळही कळत नाही. ते कळण्यासाठी लांबी आणि रुंदी यांचे गुणोत्तर माहीत असावे लागते.

साधारण २०१७ पर्यंत बहुतेक स्मार्टफोनची स्क्रीन १६:९ या प्रमाणात असे. त्या वर्षी एलजी जी-६, सॅमसंग गॅलेक्सी एस-८ आणि आयफोन एक्स या फोनांनी लांबट स्क्रीन रूढ केली. आज १९.५:९ किंवा २०:९ हे प्रमाण सर्वत्र दिसते. फोन उंच झाले. रुंदी मात्र त्या मानाने वाढली नाही.

याचा परिणाम शाळेतल्या भूमितीने तपासता येतो. जुन्या १६:९ प्रमाणातील साडेपाच इंची स्क्रीनची रुंदी सुमारे ६.८५ सेंटिमीटर भरते. नव्या २०:९ प्रमाणातील साडेसहा इंची स्क्रीनची रुंदी भरते सुमारे ६.७८ सेंटिमीटर. कर्ण पुरता एक इंच वाढला, तरी रुंदी किंचित कमीच झाली. वाढली ती केवळ उंची, सुमारे १२.२ सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरपर्यंत.

चित्रपट किंवा क्रिकेटचा सामना पाहणाऱ्याने याचा आणखी एक अर्थ ध्यानात घ्यावा. ही दृश्ये बहुधा १६:९ प्रमाणात असतात. फोन आडवा धरला की चित्राची उंची फोनच्या रुंदीइतकीच मिळते आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरतात. त्यामुळे जुन्या साडेपाच इंची फोनवर सामना जेवढा मोठा दिसत होता, तेवढाच, किंबहुना केसभर लहान, तो नव्या साडेसहा इंची फोनवर दिसतो. उभ्या चित्रफिती पाहताना आणि बातम्या वाचताना मात्र वाढलेल्या उंचीचा खरा लाभ होतो.

उलट, प्रमाण सारखे असेल तर इंचांतील लहान फरकही मोठा ठरतो. १९.५:९ प्रमाणातील ६.१ आणि ६.७ इंच या दोन स्क्रीन घेतल्या, तर कर्णातील फरक दहा टक्क्यांचा दिसतो. क्षेत्रफळातील फरक मात्र वीस टक्क्यांहून थोडा अधिक असतो. तात्पर्य, केवळ इंचांचा आकडा ऐकून दोन फोनांची तुलना करणे हे खोलीची फक्त एकच भिंत मोजून घर घेण्यासारखे आहे.

लहान फोन गेले कुठे?

२००७ मध्ये आलेल्या पहिल्या आयफोनची स्क्रीन साडेतीन इंचांची होती. पुढल्याच वर्षी आलेला पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी ड्रीम, ३.२ इंचांचा होता. तो फोन एका तळव्यात मावत असे आणि अंगठा चारही कोपऱ्यांना सहज टेकत असे. २०११ मध्ये सॅमसंगने ५.३ इंचांचा गॅलेक्सी नोट आणला, तेव्हा ‘हा कानाला लावायचा की मांडीवर ठेवून लिहायचा’ असा प्रश्न पडावा इतका तो अवाढव्य वाटला. २०१२ च्या आयफोन ५ मध्ये ॲपलने स्क्रीन चार इंचांची केली, पण रुंदी पूर्वीचीच ठेवली. एका हाताने फोन वापरता यावा, हा त्यामागील विचार होता. दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, ४.७ आणि ५.५ इंचांचे आयफोन आले आणि तो विचार मागे पडला.

भारतात या बदलाला आणखी एक कारण मिळाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइल डेटा एकाएकी स्वस्त झाला. त्याच वर्षी यूपीआय व्यवहारांचा आरंभ झाला. फोन बोलण्यापुरता राहिला नाही; तो दूरचित्रवाणी झाला, बँकेचे पासबुक झाला, रेल्वेच्या तिकिटाची खिडकी झाला. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनची २.४ इंची स्क्रीन आणि खालची बटणे यांनी अनेकांना प्रथमच इंटरनेटपर्यंत नेले. पण एवढ्याशा चौकटीत फार काळ वाचणे किंवा पाहणे कठीण होते आणि पुढची पायरी मोठ्या स्क्रीनचीच होती.

लहान फोन परत आणण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. ॲपलने २०२० आणि २०२१ मध्ये ५.४ इंचांचे ‘मिनी’ आयफोन काढले. २०२२ मध्ये त्या मालिकेत नवा मिनी आला नाही, त्याऐवजी ६.७ इंचांचा ‘प्लस’ आला. आसुसने झेनफोनच्या ८, ९ आणि १० या आवृत्त्यांत ५.९ इंचांची स्क्रीन जपली. २०२४ मध्ये आलेला झेनफोन ११ अल्ट्रा मात्र ६.७८ इंचांचा निघाला. आज ज्याला आटोपशीर फोन म्हणतात, तो ६.१ ते ६.३ इंचांचा असतो आणि तो प्रामुख्याने महागड्या श्रेणीतच मिळतो. स्वस्त फोनांच्या कपाटात जवळजवळ सर्वच फोन साडेसहा इंच किंवा त्याहून मोठे असतात.

म्हणजे लहान की मोठा ही निवड सर्वांना सारखी उपलब्ध नाही. ज्याचा खिसा मोठा, त्याला लहान फोन घेता येतो. ज्याची खरेदी दहा-बारा हजारांच्या आत आहे, त्याच्यासाठी निवड मोठ्या फोनांमधूनच करायची असते. मग त्याने काय पाहावे? याचे उत्तर पुढील दोन मुद्द्यांत आहे.

पहिला मुद्दा: हात

स्टीव्हन हूबर या अभ्यासकाने २०१३ मध्ये सार्वजनिक ठिकाणी फोन वापरणाऱ्या १,३३३ जणांचे निरीक्षण नोंदवले होते. स्क्रीनला स्पर्श करीत फोन वापरणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने तो हाताळत होते, ३६ टक्के एका हातात धरून दुसऱ्या हाताने, तर १५ टक्के दोन्ही हातांनी. त्यानंतर फोन बरेच मोठे झाले, पण माणसाचा अंगठा वाढलेला नाही आणि त्याचा दुसरा हात रिकामाही झालेला नाही. फेरीबोटीत उभ्याने कठडा धरलेला प्रवासी, कदंब बसमध्ये दांडीला लटकलेला विद्यार्थी, कडेवर मूल घेतलेली आई, एका हातात मासळीची पिशवी धरून दुसऱ्या हाताने पैसे देणारा ग्राहक यांना फोन एकाच हाताने वापरावा लागतो.

एका हाताच्या वापरात इंचांपेक्षा दोन आकडे महत्त्वाचे ठरतात. ते म्हणजे फोनच्या बाहेरच्या अंगाची रुंदी आणि वजन. आयफोन १३ मिनीची रुंदी ६४.२ मिलिमीटर होती. आयफोन १४ प्लसची ७८.१ मिलिमीटर. गॅलेक्सी एस-२४ चे वजन १६७ ग्रॅम, तर त्याच मालिकेतील अल्ट्राचे २३२ ग्रॅम. चौदा मिलिमीटर किंवा पासष्ट ग्रॅम हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. पण रात्री आडवे पडून अर्धा तास वाचताना याच ग्रॅमचा भार करंगळीवर आणि मनगटावर येतो आणि वरच्या कोपऱ्यातील ‘मागे जा’ हे बटण दाबण्यासाठी अंगठा ताणताना फोन हातातून निसटतो तो याच मिलिमीटरमुळे.

रुंदीच्या बाबतीत इंच किती फसवे असतात याचा एक दाखला पाहा. २०११ मधील ५.३ इंची गॅलेक्सी नोट सुमारे ८३ मिलिमीटर रुंद होता. २०२४ चा ६.८ इंची गॅलेक्सी एस-२४ अल्ट्रा ७९ मिलिमीटर रुंद आहे. कडांची पट्टी बारीक झाली, स्क्रीन लांबट झाली आणि कर्ण दीड इंचाने वाढूनही फोन अरुंद झाला. म्हणूनच स्वस्त श्रेणीत दोन्ही फोन ‘मोठेच’ असले, तरी त्यांतील अधिक अरुंद आणि हलका फोन निवडता येतो. एकाच किमतीच्या फोनांमध्ये वीस-तीस ग्रॅमचा आणि दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतोच. त्यात जाड कव्हर चढवले की रुंदी आणखी वाढते, हेही गृहीत धरावे.

दुसरा मुद्दा: डोळे आणि देवनागरी

स्क्रीनविषयीच्या बहुतेक परीक्षणांत रोमन अक्षर गृहीत धरलेले असते. मराठी वाचकाची गरज थोडी वेगळी आहे. देवनागरीत अक्षर शिरोरेषेखाली लटकते, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार चढतात आणि पायाशी उकार व ऋकार लागतात. ‘र्वी’, ‘क्ष्म’, ‘त्र्य’ यांसारख्या जोडाक्षरांत तर एका अक्षराच्या जागेत दोन-तीन अक्षरे दाटीवाटीने बसतात. अक्षर लहान झाले की सर्वप्रथम हे वरखालचे तपशील पुसट होतात. मग ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांतील भेद अंदाजाने ओळखावा लागतो. बातमी वाचताना अंदाज चुकला तर फारसे बिघडत नाही. सातबाऱ्याचा उतारा, औषधाची सूचना किंवा बँकेचा संदेश वाचताना तो चुकणे परवडत नाही.

त्यात वयाचा भाग येतो. जवळचे वाचण्यासाठी लागणाऱ्या चष्म्याला आपल्या भाषेत ‘चाळिशी’ म्हणतात, त्यामागे अनुभव आहे. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होत जाते आणि जवळच्या वस्तूवर नजर स्थिर करणे जड जाते. अशा वेळी माणूस फोन हातभर लांब धरतो. लांब धरलेल्या फोनवरचे अक्षर आणखी लहान दिसते. मग अक्षराचा आकार वाढवावा लागतो आणि येथे स्क्रीनच्या रुंदीचा प्रश्न उभा राहतो.

वृत्तपत्राच्या संपादकीय कक्षात मथळे बेतताना हा अनुभव रोज येतो. अक्षर वाढवले की अरुंद स्क्रीनवर एका ओळीत तीन-चारच शब्द मावतात. ‘विधानसभा अधिवेशनापूर्वी’ एवढे दोन शब्दच ओळ अडवून बसतात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटत असल्यामुळे शब्द लांब होतात आणि दर ओळीला डोळ्यांना उडी मारावी लागते. वाचनाची लय तुटते, ती अशी.

मात्र मोठ्या स्क्रीनकडून अवास्तव अपेक्षाही ठेवू नये. ६.१ आणि ६.७ इंचांच्या स्क्रीनच्या रुंदीत सुमारे सहा मिलिमीटरचा फरक असतो. वाचनास सोयीच्या आकारात तेवढ्या जागेत ओळीमागे जेमतेम दोन-तीन अक्षरे वाढतात. उंचीत सुमारे दीड सेंटिमीटर मिळतो, म्हणजे आणखी तीनेक ओळी. ज्याला अक्षर नीट दिसते, त्याच्यासाठी हा लाभ किरकोळ आहे. ज्याने अक्षर मोठे करून ठेवले आहे, त्याच्यासाठी मात्र याच तीन ओळी आणि तीन अक्षरे सोय आणि कंटाळा यांतील फरक ठरवतात.

स्क्रीन मोठी म्हणजे अक्षर सुस्पष्ट, हाही गैरसमज आहे. स्वस्त श्रेणीतील अनेक मोठ्या स्क्रीनवर ७२० गुणिले १६०० एवढेच बिंदू असतात. ६.७ इंचांवर ते पसरले की एका इंचात सुमारे २६० बिंदू येतात. १०८० गुणिले २४०० बिंदूंच्या साडेसहा इंची स्क्रीनवर इंचामागे सुमारे ४०५ बिंदू असतात. बिंदू विरळ झाले की रफार आणि अनुस्वार यांच्या कडा भुरकट दिसतात. सारख्या किमतीत थोडी लहान पण अधिक दाट बिंदूंची स्क्रीन मिळत असेल, तर वाचकाने ती निवडणे शहाणपणाचे.

तिसरा मुद्दा: घरातील कितवी स्क्रीन?

आता पलसाण्याकडे वळू. पलसाणा हे सुरत जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग ४८ येथून जातो आणि बारडोली, नवापूरमार्गे धुळ्याकडे जाणारा महामार्ग ५३ त्याला याच परिसरात मिळतो. तालुक्यातील कडोदरा, चलथाण या भागांत कापडावर रंगाई व छपाई करणाऱ्या गिरण्यांची दाटी आहे. चलथाण हे उधना-जळगाव रेल्वेमार्गावरील स्थानक. या रस्त्याने आणि या रुळांवरून खानदेशातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुरत पट्ट्यात कामासाठी येत राहिली. १ मे १९६० पूर्वी सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते, हेही विसरता येत नाही. आजही सुरत महानगरातील पालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यम चालते, यावरून तेथील मराठी वस्तीची कल्पना यावी. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्या कामगारांसोबत ही मराठी माणसे या उद्योगात राबतात.

अशा ठिकाणी एका खोलीत चार-सहा जणांनी मिळून राहणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने स्क्रीनचा विचार करून पाहा. त्याच्यापाशी दूरचित्रवाणी संच नाही, संगणक नाही, टॅबलेट नाही. पाळी संपवून आल्यावर गावाकडच्या मुलाचा चेहरा पाहायचा तो फोनवर. पगार जमा झाला का हे पाहायचे फोनवर, घरी पैसे धाडायचे फोनवर, दिवाळीचे आरक्षण करायचे फोनवर आणि दोन घटका विरंगुळा शोधायचा तोही फोनवरच. गावातल्या शेताचा उतारा कोणी छायाचित्र काढून पाठवला, तर तो बोटांनी मोठा करीत वाचायचाही याच चौकटीत. त्याचा फोन ही घरातील पहिली, दुसरी आणि तिसरी स्क्रीन आहे. साड्यांना लेस आणि खडे लावण्याचे काम घरी बसून करणाऱ्या तेथील स्त्रियांच्या बाबतीतही हे खरे आहे. नमुना फोनवर येतो आणि टाका कुठे, खडा कुठे, हे त्या छायाचित्रावरूनच पाहावे लागते.

अशा माणसाने साडेसहा-पावणेसात इंचांचा फोन घेतला, तर त्याला हौस म्हणता येणार नाही. त्याच्या दृष्टीने एकाच वस्तूत दूरचित्रवाणी, संगणक आणि बँक सामावलेली आहे. शहरात बसून ‘एवढे मोठे फोन कशाला हवेत’ असे म्हणणाऱ्याच्या मेजावर बहुधा लॅपटॉप उघडा असतो आणि दिवाणखान्यात भिंतीवर टीव्ही असतो. त्याला लहान फोन परवडतो, कारण त्याची उरलेली कामे दुसऱ्या स्क्रीन करतात.

अर्थात मोठ्या फोनची किंमत तेथेही मोजावी लागते. रंगाईच्या खात्यात हात ओले असतात, वाफ असते, जमीन निसरडी असते. सदऱ्याच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावणारा फोन वाकताना पडतो आणि पडला की सर्वांत मोठा, सर्वांत महाग भाग फुटतो तो स्क्रीनच. रोजंदारीवरच्या माणसाला ती दुरुस्ती म्हणजे कित्येक दिवसांची कमाई. म्हणून मोठी स्क्रीन घ्यायची, पण अंगाने अरुंद व वजनाने हलकी आणि पहिल्याच दिवशी काच-संरक्षक व कडा उंच असलेले कव्हर लावायचे, हा व्यवहार तेथे अधिक पटतो.

गोव्याच्या वाचकाला पलसाणा दूरचे वाटेल. पण वेर्णा, कुंडई येथील औद्योगिक वसाहतींत काम करणारे परप्रांतीय कामगार याच परिस्थितीत राहतात. आपल्याच राज्यात २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा सांगे, सत्तरीतील मुले नेटवर्कच्या शोधात डोंगर चढली आणि पालकांच्या फोनवर धडे वाचू लागली. नेटवर्क मिळाल्यानंतरही वहीच्या पानाचे छायाचित्र त्या चौकटीत वाचायचे असतेच. ज्या घरात मुलाचा अभ्यास फोनवरच होतो, तेथे मोठ्या स्क्रीनला पर्याय नाही. लहान स्क्रीन मूल डोळ्यांच्या अधिक जवळ नेते. मोठी स्क्रीन थोडी दूर, टेकवून ठेवता येते.

बॅटरीचा हिशेब

फोनच्या अंगाचा आणि बॅटरीचा थेट संबंध असतो. गॅलेक्सी एस-२४ मध्ये ४,००० एमएएच, तर त्याच्या अल्ट्रा आवृत्तीत ५,००० एमएएच क्षमतेची बॅटरी आहे. मोठी स्क्रीन वीजही अधिक खाते, त्यामुळे वाढीव क्षमतेचा काही भाग तिथेच खर्ची पडतो. तरीही मोठ्या अंगात उष्णता पसरायला जागा मिळते आणि दिवसभर बाहेर असणाऱ्याला मोठा फोन सहसा अधिक साथ देतो. नकाशा चालू ठेवून दिवसभर फिरणाऱ्या मोटारसायकल पायलटने किंवा टॅक्सीचालकाने बॅटरी आणि उन्हात दिसणारी प्रखर स्क्रीन यांना अग्रक्रम द्यावा. त्याचा फोन बहुतेक वेळ हातात नसून वाहनावरील पकडीत असतो, त्यामुळे रुंदीची अडचण त्याला कमी भासते.

दुकानात पाच मिनिटांत काय तपासावे?

पहिले, फोन एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताचा आधार न घेता अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्याकडे न्या. पकड न बदलता निदान मधल्या भागापर्यंत तो सहज पोहोचला पाहिजे. शक्य असेल तर कव्हर घालूनच हे करून पाहा.

दुसरे, सेटिंग्जमध्ये जाऊन अक्षराचा आकार तुम्ही घरी ठेवता तेवढा करा आणि एखादे मराठी संकेतस्थळ उघडून बातमीचे दोन परिच्छेद वाचा. इंग्रजी जाहिरातीचा झगमगता नमुना पाहून निर्णय घेऊ नका. जोडाक्षरे आणि रफार सरळ दिसतात का, ते पाहा.

तिसरे, फोन दुकानाच्या दाराशी, उजेडात नेऊन पाहा. आतल्या दिव्यांत सर्वच स्क्रीन उजळ दिसतात.

चौथे, तुम्ही नेहमी घालता त्या कपड्याच्या खिशात किंवा पर्समध्ये तो ठेवून खाली बसून पाहा. स्कूटरवर बसताना खिशातून डोकावणारा फोन फार दिवस सुखरूप राहत नाही.

पाचवे, खोक्यावरील वजन, रुंदी आणि स्क्रीनवरील बिंदूंची संख्या वाचा. इंचांआधी हे तीन आकडे वाचण्याची सवय लावून घ्यावी.

आहे त्या फोनवर उपाय

फोन आधीच घेतला असेल आणि तो मोठा वाटत असेल, तर काही सोयी आतच दडलेल्या असतात. आयफोनमध्ये २०१४ पासून आणि अँड्रॉइडच्या १२ व्या आवृत्तीपासून स्क्रीनचा वरचा भाग अंगठ्याजवळ खाली ओढून घेण्याची सोय आहे. काही कंपन्यांनी ती त्याआधीच दिली होती. कळफलक डाव्या किंवा उजव्या कडेला सरकवता येतो. वारंवार लागणारी ॲप्स सर्वांत खालच्या ओळीत आणून ठेवली, तर अंगठ्याची निम्मी धावपळ वाचते.

उलट स्क्रीन लहान वाटत असेल, तर केवळ अक्षर न वाढवता ‘डिस्प्ले साइज’ हा स्वतंत्र पर्यायही वापरून पाहावा. त्याने बटणे आणि चित्रेही मोठी होतात. ब्राउझरमधील वाचन-दृश्य सुरू केले की जाहिराती आणि रिकाम्या कडा दूर होतात आणि ओळीला अधिक जागा मिळते. स्क्रीन कोणतीही असो, दर वीस मिनिटांनी वीस फूट दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला दोन्ही पक्षांना सारखाच लागू आहे.

मग निवड कोणी कोणती करावी?

ज्यांच्या घरी किंवा कार्यालयात टीव्ही, संगणक किंवा टॅबलेट आहे, जे प्रवासात फोन एका हाताने वापरतात आणि ज्यांचा वापर बोलणे, संदेश, पैसे देणे आणि छायाचित्रे एवढ्यापुरता आहे, त्यांनी ६.१ ते ६.३ इंचांचा फोन निःशंकपणे घ्यावा. ज्यांचा फोन हीच घरातील एकमेव स्क्रीन आहे, ज्यांना चाळिशी लागली आहे, किंवा ज्यांच्या घरी मुलाचा अभ्यास फोनवर होतो, त्यांनी ६.५ ते ६.७ इंचांचा, पण त्यातल्या त्यात अरुंद आणि २०० ग्रॅमच्या आतला फोन शोधावा. मोठ्या फोनचा हात दुखत असेल आणि लहान फोनवर डोळे ताणत असतील, तर आटोपशीर फोनसोबत घरात एक साधा टॅबलेट ठेवणे हा सर्वांना वापरता येणारा मध्यममार्ग आहे.

एक गोष्ट मात्र आवर्जून करावी. आई-वडिलांसाठी फोन घेताना आपण अनेकदा आपल्या आवडीचा फोन निवडून बांधून नेतो, किंवा आपला जुना फोन त्यांच्या हाती देतो. त्यांचा हात आपल्या हातापेक्षा वेगळा असतो आणि त्यांचे डोळे तर निश्चितच वेगळे असतात. म्हणून फोन ज्याच्यासाठी घ्यायचा आहे त्याला सोबत दुकानात न्यावे, फोन त्याच्या हातात द्यावा आणि बातमीचे दोन परिच्छेद त्यालाच वाचू द्यावेत. तो चष्मा पुन्हा पुन्हा सरकवू लागला, तर खोक्यावरचा आकडा कितीही मोठा असला तरी तो फोन त्याच्यासाठी लहानच आहे.